पाच पुंकेसरांची लिली

बेल एकदाच वाजली, पण लांबलचक.

चिमीच्या आईने कात्री टेबलावर टाकली, कानातले इयरफोन ओढून काढले आणि ती बाहेर धावली. दार उघडावं लागलं नाही. ते सताड उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर खालच्या मजल्यावरचे मास्तर उभे होते, आणि त्यांच्या कडेवर चिमी.

"जिन्यात बसली होती," मास्तर म्हणाले. "एकटीच."

दीड वर्षाची पोर. अर्ध्या तासापूर्वी दाराजवळच्या खोलीत गाढ झोपलेली. चिमीच्या आईने तिला हिसकावूनच घेतलं. डोकं, कोपरं, गुडघे चाचपले. कुठे खरचटलेलं नाही, फ्रॉकला धूळसुद्धा नाही. पायांत लाल सँडल, दोन्ही पट्टे घट्ट लावलेले.

सासूबाई मागच्या खोलीतून आल्या. फोन अजून कानालाच होता. "ठेवते गं, इथे नवंच निघालंय," असं पलीकडच्या बहिणीला सांगून त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पोर जिन्यात आणि आई पाकळ्या मोजतेय. छान चाललंय."

दाराशेजारच्या चपलांच्या बुटक्या कपाटावर लिलीची बरणी होती. सासूबाईंनी ती गळ्याशी धरून उचलली आणि मागच्या बाल्कनीत नेऊन आदळली.

आत लॅपटॉपवर वर्ग चालूच होता. आठ चौकटींतल्या आठ बायका बघत होत्या, आणि शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या, मधली मोठी चौकट रिकामी का?

*

घरबसल्या बागकाम आणि फुलांची मांडणी. मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते बारा. हे दोन तास सोडले तर चिमीच्या आईच्या आठवड्यात तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. घरात या वर्गाचं नाव 'हिची नाटकं' असं पडलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. बूटही न काढता चौकशीला बसला.

"दार लावलं होतंस?"

"लावलं होतं. सव्वादहाला फुलवाला आला, फुलं घेतली, लावलं. खट्‌ असा आवाज झाला."

"मग उघडलं कुणी? चिमीने?"

लॅचची मूठ चिमीच्या डोक्याच्या दोन हात वर. बाहेरून उघडायचं तर किल्ली हवी. किल्ल्या तीनच होत्या. एक तिची, एक नवऱ्याची, एक नणंदेची, अडीनडीला असावी म्हणून दिलेली.

तिने मोबाइल पुढे केला. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिने लिलीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर पाठवला होता. बाईंचा नियमच होता, आधी फोटो, मग हात लावायचा. फोटोत बरणीच्या मागे दार बंद दिसत होतं.

"नुसतं लोटलेलं दारही असंच दिसतं," नवरा म्हणाला.

"आणि सँडल? झोपवताना मी काढून ठेवले होते. ते कुणी घातले?"

"तूच घातले असशील. आठवत नसेल. परवा किल्ली फ्रीजमध्ये सापडली, ती कुणी ठेवली होती?"

ती तिनेच ठेवली होती.

मग निकाल लागला. चिमीने काही दिवस आत्याकडे राहायचं. आत्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची, पण भाचीसाठी रजा घ्यायला तयार होती. तिला स्वतःला मूल नव्हतं. चिमीवर जीव होता, हे कुणी नाकारलं नसतं. काही दिवस म्हणजे किती, ते मात्र कुणी बोललं नाही. रविवारी अकरा वाजता ती चिमीला न्यायला येणार होती. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी चिमीची पिशवी भरायला घेतली.

*

बुधवारी चिमीच्या आईने स्वतःचीच उलटतपासणी घेतली. आपण खरंच वेडे झालोय का, हे एकदा कळायला हवं होतं. झालो असू, तर चिमी आत्याकडेच बरी.

तिने तो फोटो मोठा करून पाहिला. वेळ दहा अठ्ठावन्न. लिलीचं एकच फूल उमललेलं, बाकी कळ्या. बरणीला खेटून लाल सँडल.

मग तिने वर्गाचं रेकॉर्डिंग लावलं. बाईंनी त्या दिवशी तिलाच करून दाखवायला बसवलं होतं, म्हणून चौकटभर तीच होती. अकरापासून ती एकदाही उठली नव्हती. बाकीच्या फुलांचे देठ तिरके कापत होती, लिलीची पाळी शेवटी होती; पाण्यात बुडतील ती पानं काढत होती आणि बोलणी खात होती. मागून सासूबाईंचा आवाज अखंड येत होता. "बाग फुललीय गं आमच्याकडे, फक्त चूल तेवढी गार असते." बाई वैतागल्या होत्या. "मागच्या त्या कोण? त्यांना सांग, मलाही बोलायचंय."

अकरा तेहतीसला बेल.

म्हणजे दहा अठ्ठावन्नला सँडल कपाटावर होते, आणि अकरा तेहतीसला चिमीच्या पायात. मधल्या वेळात तिचे स्वतःचे दोन्ही हात पडद्यावर होते. सासूबाईंचं तोंड फोनवर होतं. नवऱ्याला मास्तरांनी लगेच ऑफिसच्या फोनवर कळवलं होतं, आणि तो जागेवरूनच बोलला होता. ऑफिस तासाभराच्या अंतरावर.

तिने सँडल उलटसुलट करून पाहिले. ती नेहमी पट्टा दुसऱ्या भोकात लावायची. कातड्यावर तिसऱ्या भोकापाशी ताजी वळी पडली होती.

ती मास्तरांकडे गेली. मास्तरांना चौकशा आवडत नसत. त्यांनी तिला दारातच उभं ठेवलं.

"चिमी कुठे बसली होती?"

"मधल्या पायरीवर. सांगितलं ना मंगळवारी."

"रडत होती?"

"छे. हात हलवत होती. टाटा करतात ना, तसं."

"तुम्हाला?"

"मला कशाला? मी खालून आलो. ती वर बघत होती."

"वर तर आमचं दार, आणि त्याच्यावर गच्ची."

"मूल आहे. भिंतीलाही टाटा करतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही दार लावत जा. एवढंच सांगेन." आणि त्यांनी स्वतःचं लावलं.

चिमीची आई त्या मधल्या पायरीवर बसली. चिमीला जिना उतरता येत नव्हता. उतरलीच तर पाठमोरी, गुडघ्यांवर रांगत, पायऱ्या पुसत उतरली असती. आणि तिचे गुडघे स्वच्छ होते.

*

शुक्रवारी ती वर्गाला बसली. सासूबाई मुद्दाम समोर खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर चिमी.

"मंगळवारचं राहिलंय तुझं," बाई म्हणाल्या. "लिली आण."

तिने बाल्कनीतून बरणी आणली. उमललेलं फूल जरा मलूल झालं होतं. ती फुलाला हात लावणार तोच बाई ओरडल्या.

"थांब. कॅमेऱ्याजवळ धर. लिलीला पुंकेसर किती?"

"सहा."

"मोज."

तिने मोजले. पाच पुंकेसरांना केशरी टोकं होती. सहाव्याची नुसती काडी. त्याच्या शेजारचं टोकही अर्धं पुसलेलं.

"तुझ्या फोटोत सहा आहेत. हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"मी नाही लावला, बाई."

"मग कुणीतरी अंगावर घेतलाय तो पराग. वाऱ्याने असा घासला जात नाही. ज्याला लागलाय त्याला सांग, ओलं फडकं लावू नका. चिकटपट्टीने उचला. पाणी लावलं की डाग पसरतो आणि जन्माचा बसतो."

चिमीच्या आईने मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. बरणी त्यांनीच नेली होती. पण गळ्याशी धरून, हात लांब ठेवून. दुपारी तिने त्यांचे आठवड्याचे कपडे एकेक करून पाहिले. स्वतःचा मंगळवारचा कुर्ता पाहिला. मास्तरांचा पांढरा सदरा त्यांच्या दोरीवर वाळत होता, तोही जिन्यातल्या खिडकीतून न्याहाळला. केशरी ठिपका कुठेही नव्हता.

राहिली एक किल्ली. ती तिने कुणापाशी बोलून दाखवली नाही. या घरात लेकीबद्दल पुराव्याशिवाय बोलणं म्हणजे आपणहून घराबाहेर जाणं होतं.

*

रविवारी अकरा वाजता ताई, म्हणजे चिमीची आत्या, आल्या. खांद्याला त्यांची नेहमीची पांढुरकी कॅनव्हासची पिशवी. चिमी दुडदुडत गेली आणि त्यांच्या गुडघ्यांना बिलगली. ताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि पिशवी खुर्चीला अडकवली, एक बाजू भिंतीकडे करून.

चिमीच्या आईने चहा ठेवला, कप दिले, आणि भिंतीकडच्या बाजूने वळसा घेऊन परत आली. तिने पाहायचं ते पाहिलं.

"ताई, मंगळवारी फार धावपळ झाली का हो तुम्हाला?"

"मला कसली? मी दवाखान्यात. फोनवर कळलं तेव्हा हातपाय गळाले माझे."

"म्हणजे आठवडाभरात इकडे आलाच नाहीत."

"मागच्या रविवारनंतर आजच. का गं?"

"माझी लिली राहिली तुमची बघायची. मंगळवारीच आणली होती."

"मला नाही फुलाबिलातलं कळत," ताई म्हणाल्या. सासूबाई खुदकन हसल्या.

"आणि हा डाग कसला पिशवीवर?"

ताईंनी पिशवीकडे पाहिलं नाही. "हळदीचा. स्वयंपाक करते मी. तुझ्यासारखी वर्गाला नाही बसत."

"पुसलात वाटतं. पसरलाय."

"अगं, काय लावलंयस हे?" नवरा म्हणाला. "तिला चहा तरी पिऊ दे."

चिमीची आई आत गेली. पांढरा नॅपकिन, हळदीचा डबा आणि कपड्यांचा साबण घेऊन आली. नॅपकिनवर चिमूटभर हळद चोळली. त्यावर ओला साबण फिरवला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

"आई, हळदीला साबण लागला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

सासूबाई हसायच्या थांबल्या होत्या.

तिने पिशवी खुर्चीवरून उतरवली आणि तोच साबण त्या डागावर फिरवला. एकदा, दोनदा. केशरी डाग केशरीच राहिला.

"हळद नाही. हा लिलीचा पराग आहे, आणि ओल्या फडक्याने पुसलेला आहे. माझ्या वर्गात पहिल्यांदा हेच सांगतात, की पाणी लावू नका. वर्गाला न बसणाऱ्याला ते ठाऊक नसतं."

"लिली काय तुझ्याच घरात असते?" ताई म्हणाल्या.

"नाही. म्हणूनच आधी हळद का म्हणालात, ते कळेना."

चिमीच्या आईने मोबाइल टेबलावर ठेवला.

"दहा अठ्ठावन्नला लिलीला सहा पुंकेसर होते आणि शेजारी सँडल होते. हा फोटो. अकरापासून बेल वाजेपर्यंत मी पडद्यावर होते, आई फोनवर होत्या. हे रेकॉर्डिंग, दोघींचे आवाज आहेत. तेवढ्या वेळात कुणीतरी किल्लीने दार उघडलं. माझ्या कानात इयरफोन असतात, हे त्या माणसाला माहीत होतं. चिमीला झोपेतून उचललं. ती रडली नाही, कारण माणूस ओळखीचं होतं. दार मुद्दाम उघडं टाकलं. कडेवरूनच खाली नेऊन पायरीवर बसवलं, म्हणून तिच्या गुडघ्यांना धूळ नव्हती. मग ते माणूस वर जाऊन गच्चीच्या वळणावर उभं राहिलं, मास्तर येईपर्यंत. चिमी त्यालाच टाटा करत होती."

"आणि हे सगळं मी केलं?"

"सगळं नीट जमलं होतं, ताई. मी वेडी ठरलेच होते. पण जाताना तुम्ही कपाटापाशी वाकलात, सँडल घ्यायला. वाकताना खांद्यावरची पिशवी लिलीवर घासली. सँडल घेतलेच नसते तर फुलाला धक्का लागला नसता. तिला अनवाणी बसवलं असतंत, तर दार माझ्याकडूनच नुसतं लोटलेलं राहिलं, असंच मीसुद्धा मानलं असतं." तिने श्वास घेतला. "पण पायरी गार होती. तिच्या पायाला लागू नये म्हणून तुम्ही पट्टे लावलेत, तिसऱ्या भोकात. मी दुसऱ्यात लावते. सँडल आणलेत तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, पट्टा घट्ट लाव, पोर पडेल."

"ऐकतोयस का तू हे?" ताई भावाकडे वळल्या. "एका डागावरून?"

नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला. "दवाखान्यात विचारतो. मंगळवारी तू कितीला आलीस तेवढं सांगतील."

नंबर शोधायला त्याला वेळ लागला. अंगठा खाली आला तेव्हा ताईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको करूस."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलंच नाही.

"काही झालं नसतं तिला," ताई हळूच म्हणाल्या. "मी नजर हलवली नव्हती. हिच्याकडून नेहमी काही ना काही राहतं, किल्ली, दूध. आज ना उद्या पोर राहिलीच असती. मी फक्त..."

"किल्ली," चिमीची आई म्हणाली.

ताईंनी पर्स उघडून किल्ली टेबलावर ठेवली आणि चिमीला खाली उतरवलं. त्या निघायला उठल्या. कुणी बाहेर निघालं की आपल्यालाही न्यायचं असतं, एवढं चिमीला कळत होतं. ती धावत कपाटापाशी गेली, सँडल घेऊन आली, जमिनीवर बसली आणि सवयीने एक पाऊल आत्यापुढे धरलं.

"ता," तिने आत्याला हाक मारली.

ताई तशाच उभ्या राहिल्या. हात अर्धवट पुढे आला आणि तिथेच थांबला.

चिमीच्या आईने जमिनीवर बसून ते पाऊल स्वतःकडे वळवलं. पट्टा ओढला आणि दुसऱ्या भोकात लावला.