वाघझरीचं इंजिन

वाघझरीच्या पडक्या शेडमधलं एक इंजिन काढून आणायचं, तेही दिवस मावळायच्या आत, एवढ्याच कामासाठी तिघं जण त्या सकाळी राणीसावरगावातून निघाले होते. ऐकायला काम सोपं होतं. पण इंजिन दोन क्विंटलचं, वाट बालाघाटाच्या डोंगरातली आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस डोक्यावर टपून बसलेला. त्यात ज्या जीपमधून ते आणायचं, ती जीपच अखेरच्या घटका मोजत होती!

जीप सिद्धोधनची, तीस वर्षांची. डोंगरातल्या बोरदरा वाडीला एसटी कधी पोचली नाही. वाडीतलं दुखणंखुपणं, बाळंतिणी, शाळेचे मास्तर, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांची ने-आण या जीपनंच केली होती. पण गेल्या दोन महिन्यांत चढावर तिनं तीनदा मान टाकली. पाणी उकळायचं, बॉनेटमधून वाफ सुटायची, आणि गाडी गप्प. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच सांगून टाकलं होतं, की इंजिन गेलं, बदला.

सुकेशनीचंही तेच म्हणणं. सिद्धोधनची ही लेक आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आली होती, आणि या विषयावर बापलेकीचं रोज वाजायचं.

"तीस वर्सं वढलं या इंजनानं. असं कसं फेकून देऊ?" सिद्धोधन म्हणायचा.

"बाबा, त्यानं तीस वर्सं वढलं म्हूनच आता त्याला सुट्टी द्या."

तिसरा होता बोरदऱ्याचा सटवाजी, सिद्धोधनचा जुना दोस्त. त्याच्या सुनेला, राजेश्रीला, नववा लागला होता. "तुमी रिपेर करा न्हाई तर बदला," तो दोघांनाही हात जोडून सांगायचा, "पर माझ्या सुनंला मधी रस्त्यात सोडू नगा." वाघझरीच्या इंजिनाचा पत्ताही त्यानंच लावला होता. कुण्या ठेकेदाराची तसलीच जीप तिथं आठ वर्षं पडून होती, आणि ज्याला नेता येईल त्यानं इंजिन खुशाल न्यावं, असा ठेकेदाराचा निरोप आला होता.

चढाला लागताच जीपनं आपला गुण दाखवला. पहिल्या वळणावर पाणी उकळलं. अर्धा तास थांबून, गार करून, कॅनमधलं पाणी ओतून पुढं निघावं, तर दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच! वरून रेडिएटरमधून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. सिद्धोधननं शांतपणे शर्टाच्या खिशातून हळदीची पुडी काढली आणि चिमटीचिमटीनं रेडिएटरच्या तोंडात सोडली. हळद गळतीच्या भोकात जाऊन बसते आणि भोक बुजतं, हा त्याचा तीस वर्षांचा नुस्खा.

"झालं, लागली हळद! आता नवरी उभी ऱ्हाती बगा," सटवाजी हसला.

"कामून टाकता बाबा? किती वेळा सांगितलं!" सुकेशनी करवादली. बोलता बोलता ती रेडिएटरवर हात टेकून उभी होती. आत्ताच पाणी उकळलेल्या गाडीच्या रेडिएटरवर ती हात टेकून उभी होती आणि हात भाजत नव्हता! पण रागाच्या भरात तिच्या ते ध्यानातच आलं नाही. गळती मात्र थांबली, आणि सिद्धोधननं मोठ्या ऐटीत लेकीकडे पाहिलं.

वाघझरीला पोचायला दुपार झाली. शेडचे पत्रे उडालेले, आत घाणेरीचं रान माजलेलं, जीपच्या चाकांचा पत्ता नाही. पण इंजिन! सुकेशनीनं वरची धूळ पुसली, फिरवून पाहिलं, तर ते सहज फिरलं. तीन बल्ल्यांची तिपाई उभी राहिली, तिला चेनपुली लागली, नटबोल्ट सुटले, आणि तासाभरात ते धूड हवेत लोंबकळू लागलं. ते जीपच्या हौद्यात उतरवून सोलानं, जाड दोरखंडानं, करकचून बांधलं, तेव्हा तिघंही घामानं निथळत होते आणि तिघंही खूश होते. सटवाजी तर इंजिनाच्या शेजारीच बसला. त्याला आता त्याची सून सुखरूप खाली आल्यासारखीच वाटत होती.

परतीला निघाले आणि पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं. बघता बघता पावसानं झोडपायला सुरुवात केली. काळ्या मातीचा चिखल चाकांना पायलीभर चिकटला. जीप उतारावर आडवी घसरत होती, सिद्धोधन स्टिअरिंगला लोंबकळून तिला सरळ करत होता. सकाळी कोरडा ठाक असलेला वाघझरीचा ओढा आता गुडघाभर वाहत होता.

"थांबू का जाऊ?"

"जावा बाबा! पानी वाढायलंय!"

जीप पाण्यात उतरली. ओढा जवळजवळ ओलांडला. पुढची चाकं पलीकडच्या काठावर चढली. आणि तेवढ्यात वाफेचा लोट उसळला. इंजिन एकदा खाकरलं आणि बंद पडलं! जीप मागं घसरली. तिचं तोंड वर झालं, हौदा खाली गेला. मागून सोल तुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सटवाजीची किंकाळी!

सुकेशनी मागं धावली. दोन क्विंटलचं इंजिन घरंगळत जाऊन फाळक्यावर, हौद्याच्या मागच्या पडत्या दारावर, आदळलं होतं, आणि मध्ये सटवाजीचा उजवा पाय सापडला होता. पाण्यात लाल रेघ उमटत होती.

बापलेकीनं खांदे लावले. इंजिन तसूभर हललं नाही. पाणी मागच्या चाकाच्या आसापर्यंत आलं होतं. मोबाइलला रेंज नाही. बोरदरा डोंगरापलीकडं, पायी दोन तास. दोन तासांत इथं काय उरणार होतं, ते तिघांनाही कळत होतं. सुकेशनीला रडू फुटलं आणि तिनं ते पावसातच जिरवलं.

एकच मार्ग होता. फाळका पाडायचा, म्हणजे इंजिन आपल्याच वजनानं ओढ्यात जाईल आणि पाय मोकळा होईल. गेलेलं इंजिन मात्र पुन्हा हाती लागणार नव्हतं.

सिद्धोधननं हातोडा उचलला.

"पाडू नगो!" सटवाजी ओरडला. "जुनं मेलं आन् हेबी गेलं, तर राजेश्रीला कोन आनील? थांबा जरा. पानी उतरंल."

"सटवाभाऊ, याड लागलं का? पानी चढायलंय!"

"चढू दे! माझं झालं आयुष्य!"

सिद्धोधनचा हात हवेतच थबकला. इतका हताश बाप सुकेशनीनं कधी पाहिला नव्हता. आणि त्याच क्षणी तिला सकाळचं आठवलं. उकळत्या गाडीवर टेकलेला आपला न भाजलेला हात!

ती गुडघ्यावर चढलेल्या पाण्यातून पुढं धावली. बॉनेट उघडलं. वाफ तोंडावर आली. इंजिन रसरसून तापलेलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तिनं तळहात ठेवला. गार! पाणी इंजिनात उकळत होतं आणि रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हतं. वाट बुजली होती, इंजिन मेलं नव्हतं! खात्री? खात्री काहीच नव्हती. उघडून बघायला वेळही नव्हता.

"बाबा, पाडा फाळका!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "जुनं जितं हाय! मामा, माझ्यावर भरोसा ठिवा, सुनंला मी आनीन!"

सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून मान हलवली.

एक घाव! दुसरा! फाळक्याचे आकडे वजनानं अडकले होते. सुकेशनीनं हौद्यात टाकलेली तिपाईची बल्ली इंजिनाखाली घालून ते तोलून धरलं. तिसरा घाव! फाळका धाडकन पडला, सटवाजीचा पाय सुटला, आणि ज्याच्यासाठी दिवसभर जीव काढला ते वाघझरीचं इंजिन गढूळ पाण्यात डुबकन गेलं. सिद्धोधननं दोस्ताला पुढच्या सीटवर ओढलं. खिशातली उरलेली हळद जखमेवर दाबली आणि रुमालानं पाय बांधला.

सुकेशनीच्या हातात पाना होता. वरच्या नळीच्या तोंडाशी दोन बोल्ट. एक सुटला. दुसरा गंजलेला. पाणी बंपरला लागलं. ती पान्यावर अख्खी लोंबकळली. सुटला! झाकण उचललं, आणि आत पिवळी धम्मक खरवड! भाताच्या तळाला धरावी तशी दगडासारखी बसलेली. पाणी सोडणारी झडप त्या थरात पार गाडली गेली होती. दर गळतीला एक चिमूट, आणि वर्षानुवर्षं!

सिद्धोधन वाकून बघत राहिला. "मी केलं हे?"

"व्हय बाबा. आन् मी आयटीआय करूनबी उघडून बगितलं न्हाई. आता पानी वता!"

झडप उपटून तिनं ओढ्यात भिरकावली, स्क्रूड्रायव्हरनं खरवड उकरली. सिद्धोधन डब्यानं पाणी ओतत राहिला. पिवळं पाणी आलं, मग गढूळ, मग ओढ्याचंच. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिनं झाकणाखाली बसवला, बोल्ट आवळले.

किल्ली फिरवली. घर्रर्र... नाही. पुन्हा. नाही! पाणी पायाशी शिरलं. सटवाजी पुटपुटत होता, कुणाला ते त्यालाच ठाऊक. तिसऱ्यांदा! काळ्या धुराचा भपका आला, इंजिन खाकरलं आणि धडधडू लागलं! चारी चाकांचा गिअर टाकून सिद्धोधननं क्लच सोडला. मागचं ओझं गेल्यानं हलकी झालेली जीप चिखल उडवत काठावर चढली. चढली! मागं वळून पाहिलं, तर त्यांच्या जागेवरून एक आख्खं बाभळीचं झाड वाहत जात होतं.

तिथून गंगाखेडच्या दवाखान्यापर्यंत तापमानाचा काटा एकदाही लाल रेघेकडं गेला नाही. सटवाजीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण पाय वाचला.

राजेश्री त्याच जीपनं वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी मायलेकींना बोरदऱ्याला आणायला सुकेशनी स्वतः स्टिअरिंगवर बसली. गाडी नेहमी मान टाकायची ते वळण आलं, तसा सिद्धोधन सवयीनं म्हणाला, "थांब, पानी टाकू." ती थांबली नाही. जीप एका दमात वाडीत पोचली.

अंगणात सटवाजी प्लास्टरचा पाय पसरून बाजेवर बसला होता. नात मांडीवर आली तेव्हा त्याचे डोळे वाहू लागले, आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. सिद्धोधन मात्र सरळ गाडीकडं वळला. त्यानं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर हात टेकला.

"आई गं!" तो ओरडला आणि हात झटकत लेकीकडं बघून हसायला लागला. हसता हसता त्याचेही डोळे भरून आले. "पोळलं, पोरी! लय जोरात पोळलं!"

सटवाजीची बायको, धुरपताबाई, लगबगीनं हळद आणायला आत गेली.