वेदनांक साठ

वेदनांक बावन्न आला आणि ईश्वरी पटवेकरचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला गेला.

हवे होते साठ. कोल्हापुरातल्या त्या विमाकेंद्रात आता ना डॉक्टरांचे दाखले लागत, ना जुन्या फायली. आजार विमा काढण्याआधीचा की नंतरचा, यावरून पूर्वी वर्षानुवर्षं हुज्जत चालायची. ती एका टोपीने मिटवली होती. टोपी डोक्यावर चढवायची आणि तीन मिनिटं स्वस्थ बसायचं. माणसाला किती दुखतंय ते ती थेट मेंदूतून वाचते आणि शंभरपैकी आकडा देते. तोच वेदनांक. तो सलग साठच्या वर राहिला, तर उपचार विमा कंपनीकडून. खोटं कण्हून उपयोग नाही, वशिला चालत नाही, म्हणून लोक खूश होते. निदान ज्यांना साठ मिळाले, ते तरी होते.

ईश्वरीचा संधिवात एकोणीस वर्षांचा. ठुशीचे मणी रेशमात ओवणं हे तिचं काम, आणि आता सुईही धरवत नव्हती. सांधे वाचवणारी इंजेक्शनं दिवाळीच्या आत सुरू झाली नाहीत, तर बोटं कायमची जाणार होती.

धाकटी जाऊ रेवा हिला तोच आजार जेमतेम वर्षापूर्वी जडला. पहिल्याच फटक्यात एकाहत्तर! लगेच मंजुरी, लगेच इंजेक्शनं, आणि आता बाईसाहेब ईश्वरीच्याच गिऱ्हाइकांच्या ठुश्या ओवत होत्या. रेशमाची गाठ मारायला तिला ईश्वरीनेच शिकवलं होतं. ईश्वरीचा नुसता जळफळाट व्हायचा. इंजेक्शनांपेक्षाही त्या एकाहत्तरचा तिला जास्त राग होता.

“तिला माझ्यापेक्षा जास्त दुखतं होय?” तिने केंद्रातल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. बेलवलकरांना विचारलं.

“नाही. तिचा मेंदू जास्त तक्रार करतो. देवळाशेजारी राहणाऱ्याला घंटा ऐकू येईनाशी होते ना, तसं झालंय तुमचं. तुम्ही सोसायला शिकलात.”

“म्हणजे सोसलं, हाच माझा गुन्हा.”

एवढ्यात न बोलावताच सोबत आलेली रेवा दारातून डोकावली. “ताई, झालं काय? रिक्षा थांबलीया.” दार धरलेली तिची सरळ बोटं ईश्वरीला दिसली. टोपी अजून डोक्यावरच होती. पडद्यावरचा आकडा चौसष्टवर चढला आणि रेवा गेल्यावर पुन्हा उतरला.

डॉक्टर आकड्याकडेच बघत होते. “मत्सर आणि सांधेदुखी मेंदूत शेजारीशेजारी राहतात,” ते म्हणाले. “टोपीला फरक कळत नाही. आम्ही वर कळवलंय, पण दुरुस्तीला वर्षं जातील.” मग आवाज उतरवून म्हणाले, “मापनाच्या वेळी समोर कुणाला बसवू नये, असं नियमात नाही.”

आठ दिवसांनी ईश्वरीने आपण होऊन रेवाला सोबत बोलावलं. वर्षभर धड न बोललेल्या थोरल्या जावेचं बोलावणं आलं म्हणून रेवा हरखून गेली. ती समोरच्या खुर्चीवर बसली. हाताची सूज उतरल्यामुळे तिने पुन्हा बांगड्या भरल्या होत्या. ईश्वरी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. त्रेसष्ट. सहासष्ट. दोन मिनिटं झाली.

“ताई, तुम्ही बोलावलंसा, लई बरं वाटलं,” रेवा म्हणाली. “मला मिळालं आन् तुमाला नाही. वर्षभर घास गोड लागला नाही मला.” तिने खुर्ची पुढे ओढली, ईश्वरीचा वाकडा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबू लागली. नेमकं तिथेच दुखतं, हे एकोणीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं.

चौसष्ट. बासष्ट. एकसष्ट. डॉक्टर खाकरले.

तो हात तसाच राहू द्यावा, असं ईश्वरीला मनापासून वाटलं. मग तिने तो हिसकून घेतला.

“मिरवायला आलीस होय माझ्यापुढं? माझी गिऱ्हाइकं पळवलीस, ती पुरली नाहीत?”

रेवाचा चेहरा पडला. ईश्वरी तिच्या बांगड्यांकडेच बघत राहिली, सुटलेलं एकेक काम आठवत राहिली, आणि आकडा अडुसष्टवर जाऊन थांबला.

“मंजूर,” डॉक्टर म्हणाले. “इंजेक्शनं सोमवारपासून. पुढचं मापन तीन महिन्यांनी, तेव्हाही साठ लागतील.”

रेवा डोळे पुसत रिक्षा बघायला बाहेर गेली. ईश्वरीला तिच्या मागे धावत जावंसं वाटलं, पण ती जागची उठली नाही. तीन महिने रेवावर माया जडू द्यायची नाही, आणि त्यानंतरचे तीन महिनेही नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.