मयताची लेन्स

कॅमेरे दुरुस्त करणारा जुन्नरचा बहिरू तुम्ही पाहिलाय. साधा माणूस, बाता मारणाऱ्यातला नाही. ही त्याच्यावरच बेतलेली गोष्ट, तेव्हा मध्ये हसू नका पोरांनो.

मागच्या डिसेंबरात, बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला इंद्रायणी त्याच्या घरी आली. फोटोग्राफर कुशाबांची लेक. बाप वारून वर्ष झालेलं. हातात त्यांची जुनी लेन्स.

"आईचं परवा ऑपरेशन हाय, भाऊ. त्याआधी अण्णांच्या लेन्सनं तिचा फोटो काढायचाय. सकाळी न्यायला येते." उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अण्णा ही निस्ती मयताच्या फोटोला वापरायचे. जित्या माणसावर कधी धरली न्हाई. पण दुसरी उरलीच न्हाई."

तिरडी उठण्याआधी घरच्यांसोबत मयताचा शेवटचा फोटो काढतात, त्यासाठीची ही. मयताचे डोळे उघडे राहिले असले, तर कुशाबा आधी आपल्या बोटांनी मिटायचे. बहिरूला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं लेन्स खोलली. आतली, उजेड कमीजास्त करणारी पाती तेलात चिकटून बसलेली. वंगण पाझरलं म्हणावं, तर वास खोबरेलाचा. म्हातारबाबांनी डोक्याचं तेल ओतलं की काय, म्हणून तो हसला. स्पिरिटनं पाती कोरडी ठक्क केली आणि जेवायला गेला.

परत येऊन बघतो तर पाती तेलानं लडबडलेली. थंडी अशी, की फळीवरच्या बाटलीतलं खोबरेल थिजलं होतं. पात्यांवरचं मात्र पातळ होतं. कोमट.

पुन्हा पुसली. पुन्हा तेल.

ही वापरू नये, असं कुणाला तरी वाटत होतं... पण बहिरू हट्टी. तिसऱ्यांदा पुसली आणि लगेच कॅमेऱ्याला लावली.

साडेअकराला त्याची बायको, आरती, बोलवायला आली.

"बस गं समोर. एक फोटो काढतो."

"आत्ता?"

"माझ्या मनातलं भ्या जाऊ दे."

खटका दाबला. पडद्यावर फोटो आला.

"डोळे मिटलेस."

"न्हाई ओ. उघडेच व्हते."

दुसरा काढला. मिटलेले...

त्यानं कॅमेरा बंद केला.  मग ती झोपायला गेली. तो खुर्चीतच बसून राहिला.

पहाटे हाक मारली. ओ नाही. हात लावला... गार. झोपेत हृदय थांबलं, म्हणाले डॉक्टर. असेल. इंद्रायणी दारातली माणसं पाहून लेन्स न घेताच परत गेली.

बहिरूची बोटं स्पिरिटनं फुटली होती, त्यांना तेलाचा वासही नव्हता. पण आरतीच्या मिटल्या पापण्यांवर एकेक ठसा होता. जाड बोटाचा. खोबरेलाचा.