मापाचं कर्नेल

तो आला होता माझ्या शिवणाच्या दुकानात, बॅगेचा तुटलेला बंद शिवून घ्यायला. माझी धाकटी दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरतकामाची नक्षी काढत बसलेली. तिने मान वर केली आणि... झालं! बंद माझ्या हातात, डोळे तिच्याकडे. तेव्हाच वाटेला लावला असता, तर पोर आज हसती असती.

"लिनक्स? आणि कर्नेल तयारच वापरता?" त्याने पडद्यात डोकावून तिला विचारलं.

"मग? तुम्ही काय घरी शिवता?"

"हो. मापाचं!"

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आणि कर्नेल म्हणजे तिचा गाभा, एवढं मला कळलं. तयार मिळतं ते सगळ्यांच्या अंगाला होणारं, ढगळ. हा पठ्ठ्या नको ते कापून, लागेल तेवढंच ठेवून स्वतः बांधायचा. मी चार बुकं शिकले नाही, पण रेडिमेड आणि शिवलेलं यातला फरक मला कुणी शिकवू नये.

आमच्या कॉम्प्युटरसाठीही त्याने एक बांधायला घेतलं. कर्नेल बांधून व्हायला वेळ लागतो म्हणे. तेवढा वेळ दोघं पडद्याकडे कमी, एकमेकांकडे जास्त...

"तयार कर्नेलच्या दुरुस्त्या आपोआप येतात," धाकटी म्हणाली. "तू गेल्यावर हे कोण बघणार?"

"जातोय कोण?"

कर्नेलच्या नावामागे आपलं शेपूट जोडता येतं. त्याने जोडलं — 'ठमी'. घरात मी तिला मारते ती हाक! पोरीचे कान लाल.

"मेल्या, यंत्राचं बारसं केलंस," मी म्हटलं, "मागणी घालायला कधी येतोस?"

"नोकरी लागली की लगेच, काकू."

नोकरी लागली, पार परमुलखात. आधी रोज फोन, मग हिने केला तर. आलेली स्थळं धाकटीने परत धाडली. कर्नेलही बदललं नाही.

"जुनं ठेवलं की धोका असतो, तूच म्हणतेस ना गं?"

"बदलते... बघू."

मग भरतकामाचं नवं मशीन आलं. जुनं कर्नेल त्याला ओळख देईना. तिने त्याला फोन लावला. स्पीकरवर होता, मी शेजारीच.

"येऊन बांधून देशील?"

"अगं... तयारच घाल की. माझं अजून कशाला ठेवलंयस?"

शिवी माझ्या ओठांवर आली होती. पोरीने हात धरला.

तिने तयार घातलं. नव्या मशीनने पहिल्याच झटक्यात सुई उचलली, टाके सरसर पडू लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, सगळं चालतंय गं," ती म्हणाली... आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.