कालव्याकाठची वाट

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय. कुणाला थाप वाटली तर वाटू दे, पण तिच्यासमोर हसू नका.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. शहराबाहेरचा जुना कालवा. उजाडलं होतं, पण धुकं इतकं दाट की चार हातांवरचं दिसेना.

ताई दातांची डॉक्टर, दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. दोघांनाही सायकलचं वेड. शहरात ट्रकवाल्यांमुळे जीव मुठीत धरून चालवावी लागते, म्हणून दर रविवारी दोघं शहराभोवती नव्या वाटा शोधायची.

ही वाट तर दृष्ट लागावी अशी. घट्ट बसलेली माती, एकीकडे पाणी, दुसरीकडे झाडं.

थोडं पुढे गेल्यावर ताईची चेन उतरली.

"तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

"बघ हं! एकटीला टाकून गेलात म्हणून महिनाभर ऐकवशील." दाजी हसत धुक्यात दिसेनासे झाले.

चेन बसवता बसवता तिच्या लक्षात आलं... पाखरं गप्प झाली होती.

पाण्याचाही आवाज नव्हता.

मग पुढून दाजींचा आवाज आला. "अगं हो, येतोय! किती जोरात चालवतेस?"

ताईचे हात थांबले.

हे कुणाशी बोलतायत?

आणि उत्तर आलं... "अहो, या ना लवकर. इथून पुढे वाट छान आहे."

आवाज तिचाच होता.

ताई ओरडली, "अहो, थांबा! मी मागे आहे!"

पुढून लगेच... "अहो, थांबा! मी मागे आहे!" आणि पाठोपाठ खुदकन हसू.

"पुरे गं चेष्टा," दाजी म्हणाले. त्यांच्या सायकलचा आवाज लांब चालला.

ओरडून उपयोग नव्हता. ताईने सायकल उचलली आणि जीव खाऊन कालव्याकाठच्या दगडांवर आपटली. पुन्हा आपटली. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

ब्रेक करकरले.

"पडलीस की काय? पण तू तर... पुढे..."

ती धावत सुटली. दाजी एक पाय टेकून उभे होते. पुढचं चाक अर्धं मातीवर, अर्धं हवेत. वाट तिथेच तुटली होती. खाली दगडाची खोल खाण.

"तुझी पाठ दिसत होती गं," दाजी पुटपुटले. "आत्ता इथूनच सरळ गेलीस."

दोघं सायकली हातात धरून परतली. मागून कुणीतरी वाट मागितल्यासारखी घंटी वाजवत होतं... दोघांनीही वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून घरात ताईने हाक मारली, तर दाजी ओ देत नाहीत. उठून येतात, तिचा चेहरा बघतात, मगच बोलतात.

परवा मी तिच्याकडे होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत बसलो होतो. दाजी येऊन दारात थांबले. तिच्याकडे नीट बघितलं.

"काय गं, कशाला बोलावलंस?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही नाही... चहा घेताय का, विचारायचं होतं."

हाक तिने मारलीच नव्हती.