कडेच्या दोन ओळी

अनुयाचा फोन आला तेव्हा उदयसिंह निंबाळकर चहा गाळत होते. कृषी महाविद्यालयाच्या विस्तार शिक्षण विभागाचे ते निवृत्त प्रमुख. अनुया त्याच विभागातली नवी प्राध्यापिका.

"सर, खाडीकाठच्या प्लॉटमधलं भात कोणीतरी कापून नेलंय. उद्या शेतकरी मेळावा आहे. इंद्रजीत सर नावेदवर पोलीस तक्रार करायला निघालेत."

उदयसिंहांना हल्ली कुठेच जावंसं वाटत नसे. तरी त्यांनी चप्पल घातली आणि पनवेलहून रिक्षा केली.

खाऱ्या जमिनीत टिकेल असं भाताचं नवं वाण महाविद्यालयाने नावेदच्या शेतात अर्ध्या गुंठ्यात लावलं होतं. मेळाव्यात सगळ्यांसमोर ते कापून उतारा, म्हणजे किती धान्य निघतं ते, मोजायचं, ही अनुयाची कल्पना. आता मधोमध नुसती धसकटं होती. चारी कडांना मात्र दोन-दोन ओळी तशाच उभ्या.

विभागप्रमुख इंद्रजीत बांधावर फोन हातात धरून उभा होता. तो उदयसिंहांचाच विद्यार्थी. त्याने सांगितलं, की नावेदला कुवेतला नोकरी मिळाली आहे आणि जमीन लवकर मोकळी करा म्हणून तो दोनदा भांडला. काल दुपारी जुम्म्याच्या नमाजाला सगळा मोहल्ला मशिदीत होता. नावेद तेवढा नव्हता.

"मग या कडा का ठेवल्या त्याने?"

"रस्त्यावरून लक्षात येऊ नये म्हणून."

"तू इथे शेवटचा कधी आलास?"

"लावणीला. पण पीक उत्तम आहे असं विद्यापीठाला कळवलंय मी."

अनुया महिनाभर पुण्याला प्रशिक्षणाला गेली होती. आज सकाळीच परतली होती.

नावेद बांधाच्या दुसऱ्या टोकाला अंगावर शाल घेऊन बसला होता. उदयसिंह त्याच्याकडे गेले.

"ताप होता, साहेब. घरीच पडून होतो. तक्रार झाली तर कुवेत गेलं. पोलिसांचा दाखला लागतो."

"भांडलास का?"

"भांडलो की. तोंडानं भांडलो, विळ्यानं नाय."

उदयसिंहांनी कडेची एक लोंबी तोडली, हातावर चोळली आणि फुंकर मारली. तळहातावर काहीच उरलं नाही. त्यांनी दुसरी घेतली. तेच.

मग ते सावकाश बांधावर टेकले.

"दाणे भरलेच नाहीत, इंद्रजीत. असलं भात चोर नेत नाही. नावेदला जमीन मोकळी हवी होती, तर त्याने कडा ठेवल्या नसत्या. आणि रस्ता एकाच बाजूला आहे. ओळी मात्र चारी बाजूंना उरल्यात. हे कापलंस तू."

"मी?"

"कडेच्या रोपांना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून उतारा काढताना कडेच्या ओळी धरायच्या नाहीत. मीच शिकवलं तुम्हाला. इतकी वर्षं तसंच कापत आलास. काल घाईतही हात तसाच चालला. हे शिकलेली दुसरी अनुया, ती इथे नव्हती. आणि उद्या उतारा मोजला, तर खोटा पडणारा तू एकटाच."

इंद्रजीत म्हणाला, की गेल्या आठवड्यात तो एकदा येऊन गेला होता. लोंब्या चोळून पाहिल्या, तर पोकळ निघाल्या. संचालकपदासाठी त्याचं नाव पुढे गेलं होतं. काल सगळे नमाजाला असताना त्याने भात कापलं आणि ओहोटीला खाडीत सोडलं.

"फसलेलं वाण दाखवणं हेही आपलंच काम," उदयसिंह म्हणाले. त्यांना बोलायचाही कंटाळा आला होता. "नाहीतर पुढच्या वर्षी हे लोक तेच लावतील."

इंद्रजीतने फोन खिशात ठेवला. तक्रार करत नाही, असं तो नावेदला म्हणाला.

"ते ठीक," नावेद म्हणाला. "पण सकाळी मशिदीसमोर चार मान्सांत तुमी मला चोर म्हणालात. आता तिथंच जाऊन सांगा."

इंद्रजीतने उदयसिंहांकडे पाहिलं. ते खाडीकडे बघत होते.

जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती. मशिदीपाशी माणसं जमत होती. इंद्रजीत बांधावरून तिकडे चालू लागला. नावेद शाल सावरत त्याच्या मागे निघाला, थोडं अंतर ठेवून.