न घेतलेलं नाव

राजमतीबाईंना पाणी मागता येत नव्हते, पण णमोकार म्हणता येत होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून रोज पहाटे त्या उशीला टेकून पूर्ण मंत्र म्हणत, एक अक्षर इकडचे तिकडे न होता. मग लेकीकडे, त्रिशलाकडे, वळून तोंड उघडत, तेव्हा मात्र नुसता घसा वाजे. मंत्र आणि गाणी मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतात, तो कप्पा शाबूत आहे, असे वाचा-अभियंता देवदत्त कागवाडकर याने समजावले होते.

मिरजेच्या त्या उपचार केंद्रात अशा रुग्णांना ‘वाक्सेतू’ बसवत. मेंदूवर केसाहून बारीक धागे पसरायचे. मनात शब्द उमटला की धागे तो हेरत आणि गळ्याशी बांधलेल्या पट्टीतून रुग्णाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवत. एकाच भाषेत वाढलेल्या माणसाला सेतू सहज मानवे. राजमतीबाईंकडे दोन भाषा होत्या, अथणीकडच्या माहेरची कन्नड आणि कृष्णाकाठच्या सासरची मराठी.

अडचण होती ती दोन्हीकडे सारख्याच रूपाने वावरणाऱ्या शब्दांची. गावाचे चित्र दाखवले की पट्टी ‘ऊर’ म्हणे, आणि छातीवर बोट ठेवले तरी ‘ऊर’च. एक मूळचा दक्षिणेचा, दुसरा संस्कृतातून झिजत आलेला. नातेगोते काही नाही, चेहरा तेवढा एक. देवदत्त अशा शब्दांना ‘सांधे’ म्हणे. सांध्यावर वीज एका भाषेतून दुसरीत उडी घेई आणि राजमतीबाईंचे अंग ताठ होऊन डोळे फिरत. आज सकाळी फिट आली तेव्हा त्यांचा श्वास अडकला होता, तेव्हापासून पट्टी बंद ठेवली होती. आता एक भाषा कायमची शांत करणे भाग होते, आणि तेही दिवस मावळायच्या आत. त्यानंतर धाग्यांभोवतीची जखम भरून येई, मग काही हलवता येत नसे.

देवदत्तने शब्दनकाशा त्रिशलासमोर धरला. कन्नडची बाजू उजळलेली होती. मराठीच्या मधोमध एक काळा डाग होता.

“ताई, नकाशा म्हणतोय मराठी सोडा.”

त्रिशलाला ते पटेना. घरात आईखेरीज कन्नड कोणाला येत होती? तिला स्वतःला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द येत, तेही लहानपणी कानावर पडलेले. मराठी गेली तर बोलणे जाईलच, समजणेही धूसर होईल, असे देवदत्तने आधीच सांगितले होते. मोबाईल भाषांतर करून देईल, असे तो आता चाचरत म्हणाला.

“आईशी भांडायलाही मोबाईल लागणार का मला?” त्रिशला म्हणाली.

त्याने डागावर बोट ठेवले. तिथला शब्द होता ‘बाळ’. मराठीत तान्हे मूल. राजमतीबाईंच्या माहेरच्या बोलीत तेच रूप ‘पुष्कळ’ या अर्थी येई. दोन्ही बाजूंनी विचारून झाले होते, त्या गप्प. मराठीचे सर्वांत जास्त धागे याच सांध्यातून जात होते, म्हणून यंत्राने ती सगळी बाजू मेलेली धरली होती.

त्रिशला त्या डागाकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आले.

“तो शब्द मेलेला नाही हो. ती तो घेत नाही. माझ्या वडलांचं नाव बाळगोंडा.”

मग तिने सगळे सांगितले. आईने नवऱ्याचे नाव कधी तोंडात आणले नाही, नावासारखा शब्दही नाही. पोटच्या पोरांनासुद्धा बाळ म्हटले नाही, माहेरचे ‘कूस’ म्हणे. त्यावर सासरचे लोक हसत, मराठीत कूस म्हणजे पोट, पोरीला कुणी पोट म्हणतं का? वडील आजारपणात चेष्टा करत, मी गेल्यावर तरी नावानं हाक मार. गेलेल्या माणसाला कशाला हाका मारायच्या, असे आई म्हणे, आणि वडील गेल्यावरही तिने मारली नाही.

देवदत्तचा विश्वास बसला होता. यंत्राला मात्र ‘येत नाही’ आणि ‘म्हणत नाही’ यांतला फरक कळत नव्हता, त्याला खूण हवी होती. उपाय एकच होता. त्या जागी वीज वाढवायची, म्हणजे शब्द आपोआप वर येईल आणि पट्टी तो बोलेल.

“आणि तिनं थोपवला तर?”

“थोपवायला वेळच मिळणार नाही त्यांना. बहुतेक पूर्ण नावच येईल. एकदा आलं की मराठी वाचली, मग कन्नड शांत करू. तुम्ही हो म्हणा, लगेच करतो.”

खिडकीतले ऊन भिंतीवरून वर सरकले होते. एक ‘हो’, आणि आई पुन्हा तिच्याशी बोलणार होती. त्रिशलाच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. पण ती उठून पलंगाशी गेली, आईचा चांगला हात हातात घेतला आणि काही न लपवता सांगितले. यंत्र तिच्याकडून ते नाव वदवून घेईल. नाही घेतले तर मराठी जाईल.

“मग माझं बोलणं तुला नीट कळायचं नाही, आई. तुझं मला. काय करू?”

राजमतीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. डोळे भरून आले. मग हात सोडवून घेतला, चादरीचे टोक पदरासारखे ओढले आणि तोंडावर घट्ट धरले.

त्रिशलाने पुन्हा विचारले. चादर हलली नाही.

“मराठी शांत करा,” ती देवदत्तला म्हणाली.

काम वेळेत झाले. खोलीत नुसती मळकी तांबूस तिरीप उरली होती, तेव्हा पट्टीतून आवाज आला. भरभर, ठसक्यात, त्रिशलाने कधी न ऐकलेल्या तरुण लयीत आई काहीतरी बोलली. शेवटी सूर वर गेला. तो प्रश्न होता, एवढेच त्रिशलाला कळले. आई उत्तराची वाट बघत होती.

देवदत्तने मोबाईल काढला. त्रिशलाने त्याच्या हातावर हात ठेवला.

“इन्नोम्मे हेळ, अव्वा,” ती अडखळत म्हणाली. पुन्हा एकदा सांग, आई.

तिचा उच्चार ऐकून राजमतीबाईंना हसू फुटले. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बोलायला शिकणाऱ्या पोराला विचारावा तसा. त्रिशला ओठ हलवून तो मागोमाग म्हणू लागली. उत्तर देण्याइतके शब्द तिच्याकडे येईपर्यंत आई विचारत राहील का?